आकाश ओलं असेपर्यंत

“हिरवा,” तुम्ही म्हणालात आणि ट्यूब शेपटीकडून दाबत आणलीत. “हिरवा,” मी म्हणाले. स्टीलच्या जुन्या थाळीत रंगाची बोटभर गुंडाळी पडली. मग तुम्ही दुसरी ट्यूब उचललीत. “पिवळा.” “पिवळा.” स्वयंपाकघरातून आई ओरडली, “आता सिटी बी वाजवा, म्हंजे गाडी सुटन!” तुम्ही हसलात, आणि हसताना खोकला येतो का याची वाट बघत क्षणभर थांबलात. आला नाही. बाबा, तो एप्रिल होता. दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा, कुलरची घरघर, पलीकडे यार्डात डबे डब्यांवर आदळल्याचे आवाज. इंजिनावर नेण्याची तुमची लोखंडी पेटी उभी करून तिचं टेबल केलेलं, आणि भिंतीला टेकवलेला हार्डबोर्डचा तुकडा, ज्यावर आपल्याला उत्तर ध्रुवाकडचं आकाश काढायचं होतं.

रंग खरं तर माझे होते. मी नववीची परीक्षा दिली होती आणि नागपूरच्या मामाने ॲक्रिलिकची पेटी पाठवली होती. तोवर आम्हाला शाळेतले पोस्टर कलर ठाऊक. पेटीत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर सहा छोटी चित्रं आणि खाली इंग्रजीत सूचना: नवशिक्यांसाठी, डोंगर आणि नॉर्दर्न लाइट्स. तुम्ही हिवाळ्यापासून सिकवर, म्हणजे आजारपणाच्या रजेवर होतात. टीबीचं औषध चालू होतं, धुळीत जायचं नव्हतं, ओझं उचलायचं नव्हतं, आणि पेपरातल्या टेंडरच्या जाहिरातीसुद्धा वाचून संपल्या होत्या. “नवशिक्यांसाठी म्हनते न? मंग हे माह्यासाठीच हाय,” असं म्हणून तुम्ही कागद ताब्यात घेतलात. मी भूगोलात वाचलेलं सांगितलं, की तिकडे उत्तरेला थंडीत आकाशात हिरवे पडदे हलतात. तुम्ही चित्राकडे बघत म्हणालात, “नॉर्दर्न म्हंजे दुसऱ्या झोनचं लाइट झालं हे. आपल्या हद्दीतलं नाही. तरी पाहू.”

कागद तुम्ही रूलबुकसारखा वाचायचात. एक ओळ वाचायची, मला अर्थ विचारायचा, मान हलवायची, मगच ब्रश. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की काळ्या-निळ्या आकाशावर हिरवा रंग ओढायचा तो आकाश ओलं असेपर्यंत. तिकडच्या कोणी तरी तिकडच्या हवेसाठी लिहिलेली ओळ. आपल्याकडे तुम्ही ओळ वाचून वर बघेपर्यंत आकाश वाळून खट्ट झालेलं असायचं. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याचा ब्रश फिरवला की उठतो, हा उठेना. तुम्ही नखाने खरवडून पाहिलंत. आईने येऊन, इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडते तसं, पाणी शिंपडलं, तर पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळून जमिनीवर. “पक्का हाय रंग,” आई कौतुकाने म्हणाली, “दरवाज्याले लावा.”

त्यावर तुम्ही काढलेला उपाय मी नंतर कुणाकडे पाहिला नाही. बोर्डावर पेन्सिलने उभ्या रेघा मारून तुम्ही आकाशाचे भाग पाडलेत. एका वेळी एकच भाग ओला करायचा, त्याच्यात हिरवा खालून वर ओढून न्यायचा, तो नीट झाला की मगच पुढच्या भागाला हात लावायचा. “एका सेक्शनात एकच गाडी,” तुम्ही सांगितलंत. “पैली बाहेर निघाली का दुसरीले लाइन क्लियर.” दरवाजे रंगवायचा रुंद ब्रश तुम्ही ब्लेडने कापून मऊ केला होता. तो खालच्या काठावर दाबायचा आणि हलक्या हाताने वर न्यायचा. गंमत अशी की या सेक्शनांमुळेच चित्र जमायला लागलं. प्रत्येक भागाचा हिरवा थोडा वेगळा उठायचा आणि सगळे मिळून खरंच लोंबते पडदे दिसायचे. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी एक सेक्शन. आईने पोह्यांची बशी पेटीवर ठेवायची नाही, असा नियम झाला.

आणि रंग मोठ्याने म्हणायचा नियम. तो घरात आधीपासूनच होता. इंजिनावर सिग्नल दिसला की असिस्टंट त्याचा रंग मोठ्याने म्हणतो. ड्रायव्हर स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि तोच रंग परत म्हणतो. दोघांचं जुळलं की गाडी पुढे. ही सवय तुम्ही ड्युटीवरून घरी आणली होती. आईने “गॅस बंद” म्हटलं की तुम्ही खुर्चीतून उठून, बघून, “गॅस बंद” म्हणायचात. रात्री कडी लावली की “कडी लागली”, “कडी लागली”. पाहुणे हसायचे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. चित्र काढताना सुरुवातीला रंग तुम्ही म्हणायचात आणि मी परत म्हणायचे. काही दिवसांनी ते उलटं झालं. तुम्ही ब्रश थाळीवर धरून माझ्याकडे बघायचात, मी “हिरवा” म्हणायचे, मग तुम्ही “हिरवा” म्हणून त्यात ब्रश बुडवायचात. मला वाटलं, तुम्ही मला तुमचा असिस्टंट नेमलं.

महिनाअखेरीस तुम्हाला दवाखान्यात फिटनेससाठी जायचं होतं. छातीचा फोटो साफ आला होता. डॉक्टर कान तपासणार, डोळे तपासणार, रंगांचं पुस्तक दाखवणार, आणि मग तुम्ही पुन्हा इंजिनावर. घरात सगळं त्या दिवसावर टांगलेलं होतं. आईने तुमच्या ड्युटीच्या पँटी घट्ट करून ठेवल्या होत्या, कारण तुम्ही वाळला होतात. मालगाडी यार्डातून सुटली की तुम्ही मान तिरकी करून ऐकायचात आणि म्हणायचात, “कोन हाय रे हा, झटका देऊन राहिला.”

मग टमाटर. हे आईच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की मला ते आता समोर दिसतं. तुम्ही बाजारातून पिशवी आणून ओट्यावर रिकामी करता, आणि टमाटर सगळे कच्चे, हिरवेगार. “अवो, लोणचं घालाचं हाय का?” आई विचारते. तुम्ही एक टमाटर हातात घेऊन बघता. अंगठ्याने दाबता. “पिकले नाही का?” तुम्ही विचारता, आणि त्या विचारण्यात काही तरी असतं ज्यामुळे आई हसायची थांबते. ती एक टमाटर तुमच्या हातातून काढून घेते आणि खिडकीतलं एक हिरवं पान तोडून त्याच्याशेजारी धरते. तुम्ही पानाकडे बघता, मग टमाटरकडे. त्या दिवशी वरणात चिंच पडली.

तुमचे असिस्टंट काका दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले. आईने बोलावलं होतं, हे मला आता कळतं. गोंदियाकडचे, तुमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, तुमच्याबरोबर इतकी वर्षं गाडीवर, की तुम्हाला “उस्ताद” म्हणताना त्यांचा हात आपोआप छातीकडे जायचा. टीबीच्या दिवसांत लोक आपल्या घरी पाणी प्यायचे नाहीत, तेव्हाही ते तुमच्याच पेल्यातून प्यायले होते. चहा संपेपर्यंत ते यार्डाच्या गप्पा मारत राहिले. मग खुर्ची पुढे ओढली.

“उस्ताद, टेन्शन कावून घेता? ते पुस्तक वर्षानुवर्षं तेच हाय. पानं बी तेच. ठिपक्यायमंदी आकडा लपवला असते, तो सांगाचा. मले पूर्न पाठ हाय. पैल्या पानावर बारा.”

“मले कोन म्हनलं मले दिसत नाही म्हनून?” तुम्ही म्हणालात.

“कोनीच नाही म्हनलं. मी म्हनतो, पाठ असलेलं बरं.”

“अन् गाडीवर? गाडीवर बी पाठच म्हनू?”

“गाडीवर मी हाओ न बाजूले,” काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. “मी ग्रीन म्हनलं का तुमी ग्रीन म्हना. मी लाल म्हनलं का ब्रेक मारा. माहे डोळे तुमचेच हायेत न, उस्ताद.”

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं. मी दाराच्या आत दहावीचं पुस्तक धरून बसले होते आणि मला त्यातलं प्रेम तेवढं ऐकू आलं. पोलादाच्या प्लांटच्या बाजूला आकाश नारिंगी झालं, भट्टीतला तापलेला स्लॅग ओतला जात होता. काकांनी तिकडे पाहिलं, तुम्ही पाहिलं नाहीत. मग म्हणालात, “सांग पैलं पान.”

त्यानंतर ते रोज संध्याकाळी यायचे. आई चिवडा ठेवायची. काका हवेत पान उलटल्यासारखा हात करायचे आणि तुम्ही आकडा म्हणायचात. तुमची स्मरणशक्ती दांडगी होती. दुर्ग ते डोंगरगडचे चढ-उतार तुम्हाला असेच पाठ होते. चुकलात की काका कपाळाला हात लावायचे, “उस्ताद, फेल! चला घरी, कोंबड्या पाळा!” आणि आई मोठ्याने हसायची. कित्येक दिवसांनी घरात असं हसणं होतं. कधी ती स्वतःच पोळ्या लाटता लाटता आकडा ओरडायची, कारण तिलाही पाठ झाले होते. मलाही झाले. मला अजून येतात.

त्याच आठवड्यात आईने रंगांची पेटी आवरली. तिला पसारा चालायचा नाही. तुम्ही ट्यूब एका ठरावीक क्रमाने ठेवायचात, हिरवी डावीकडून तिसरी, आणि मला ताकीद होती की हात लावायचा नाही. मला ती शिस्त वाटायची. बहुतेक ट्यूबांवरची अक्षरं रंगाच्या बोटांनी केव्हाच बुजली होती. आईने सगळ्या ओल्या फडक्याने पुसून, लहान-मोठ्या बघून, सुंदर लावून ठेवल्या. सकाळी मी दळण आणायला गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही एकट्यानेच एक सेक्शन पुरा केला होता, उजवीकडचा, आणि दुसरा ओला करत होतात.

तो तपकिरी होता. डोंगराच्या पायथ्याच्या झोपडीसाठी आणि मातीसाठी ठेवलेला तपकिरी, खालून वर, तितक्याच हलक्या हाताने ओढलेला. त्याच्या डाव्या अंगाला आदल्या दिवशीचे हिरवे पडदे आणि मग अचानक ओल्या मातीचा एक पडदा. तुम्ही मन लावून काम करत होतात. कागदात लिहिल्याप्रमाणे त्याची वरची कड पुसट केली होती. मी दळणाचा डबा आत नेऊन ठेवला. आईला काही बोलले नाही. दुपारभर मी त्या बोर्डाकडे बघायचं टाळलं आणि दुपारभर मला दुसरं काही दिसलं नाही. उद्या सकाळी तुम्ही दवाखान्यात जाणार होतात.

ऊन उतरल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. तुम्ही दोन पावलं मागे, हात पाठीशी, जसे प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिनाकडे बघायचात तसे.

“कसं दिसून राहिलं?”

“छान.”

“छान नाही इचारलं तुले.” तुम्ही ब्रशची मागची बाजू उजव्या पडद्यावर टेकवलीत. “हा रंग कोनता? म्हन.”

मी वर पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हात कणकेत भरलेले. तुमची पाठ तिच्याकडे होती. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, एकदा, दोनदा, आणि तिचे ओठ नुसतेच एक शब्द करत होते. हिरवा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विनंती होती. आईने मला आयुष्यात विनंती केलेली ती एकच वेळ असेल.

“बाबा,” मी म्हणाले, “तो तपकिरी हाय.”

तुम्ही ब्रश डावीकडे नेलात. “अन् हा?”

“हा हिरवा.”

तुम्ही दोन्हींकडे आळीपाळीने बघितलंत. जवळ गेलात, मागे आलात, डोळे बारीक केलेत. एका डोळ्यावर हात ठेवून पाहिलंत, मग दुसऱ्या. यार्डात कोणीतरी शिट्टी दिली. मला वाटलं, तुम्ही म्हणाल की थट्टा करतेस काय. तुम्ही ब्रश पुन्हा उजवीकडे आणलात आणि अगदी साध्या आवाजात, जसं रोज म्हणायचात तसं, म्हणालात:

“तपकिरी.” मग डावीकडे. “हिरवा.”

आई आत गेली. लाटण्याचा आवाज सुरू झाला. तुम्ही ब्रश पाण्यात धुतलात, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसलात आणि पेटी बंद केलीत. संध्याकाळी काका आले तेव्हा म्हणालात, “आज आकडे राहू दे. चाय पी.” जेवताना आईने ताटाकडे बघत सुरुवात केली, “पोरगी हाय ते. तिले काय समजते रंगातलं?” तुम्ही घास खाली ठेवलात. “घरात तिलेच समजते,” म्हणालात.

बाबा, मी आता दुर्गच्या बोरसीला राहते. कॉलेजातून निवृत्त झाले. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं मुलांना समजावून सांगितली, स्वतः दोन सरळ ओळी लिहिल्या नाहीत. गेल्या रविवारपासून शेजारच्या एका मुलीकडे रंग शिकायला जाते. आम्ही चारजणी, सगळ्या पिकल्या केसांच्या. पहिलंच चित्र तिने कोणतं लावलं असेल? मोबाइलवर दाखवलं, डोंगर आणि मागे ते हिरवे पडदे. “आंटी, जब तक गीला है तभी खींचना है,” ती म्हणाली. मी थाळीवर ब्रश धरून मोठ्याने “हिरवा” म्हटलं, आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिने परत काही म्हटलं नाही. तिने का म्हणावं?

त्या मुलीने आणखी काही फोटो दाखवले. खरे, तिकडे जाऊन कोणी काढलेले. त्यांत सगळंच हिरवं नसतं. वर कुठे लालसर असतं, आणि एका फोटोत तर हिरव्याशेजारी असा विटलेला, मातकट पट्टा होता, की मी तिच्या हातातून मोबाइल घेऊन खिडकीशी गेले. हे तुम्हाला कळवावं म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले. की तुमचं आकाश इतकंही चुकलं नव्हतं. पण एवढ्यासाठी माणूस इतकी पानं लिहीत नाही. शिवाय ही पानं न्यायला कोण येणार आहे. उद्या ती वर्तमानपत्राखाली जातील, मग रद्दीत.

तुमच्या त्या गोळ्यांमधली एक डोळ्यांच्या शिरेला बाधते, हे आपल्याला पुढे दवाखान्यातच कळलं. ती बंद केल्यावर वर्षभरात तुम्हाला टमाटर ओळखता यायला लागले. पण इंजिन परत मिळालं नाही. निवृत्तीपर्यंत तुम्ही शेडच्या ऑफिसात बसलात आणि दुसऱ्यांच्या ड्युट्या लावल्या. आईने तुम्हाला कधी बोल लावला नाही; माझ्याकडे मात्र ती बरीच वर्षं भांडी घासताना मधेच थांबून बघायची. डोंगर तुम्ही नंतर पुरे केलेत, काळे आणि पांढरे. तिथे चुकायला जागा नव्हती. क्वार्टर सोडताना बोर्डाला मागून वाळवी लागलेली निघाली आणि तुम्हीच तो फेकलात. तेव्हाही मी तुमच्याशेजारी उभी होते आणि विचारू शकले असते.

विचारायचं एवढंच होतं, की त्या दिवशी तुम्ही मला रंग विचारलात तेव्हा तुम्हाला कोणता ऐकायचा होता. लोक तुमची गोष्ट ऐकून म्हणतात, बाबांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मीही तसंच सांगते, सांगायला ते बरं दिसतं. पण मी तुमचा चेहरा बघत होते, बाबा. मला वाटतं तुम्हाला “हिरवा” हवा होता. मला तेव्हाच तसं वाटलं होतं, आणि आईचे ओठही दिसत होते, आणि तरी तोंडातून जे निघालं ते निघालं. त्यात माझा काही धीटपणा नव्हता. समोर तपकिरी होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून काकांच्या स्कूटरवर दवाखान्यात गेलात. छाती तपासली, कान तपासले. मग डॉक्टरांनी रंगांचं पुस्तक उघडून पहिलं पान तुमच्यासमोर धरलं. काका दारात उभे होते; घरी येऊन त्यांनीच आईला सांगितलं, आणि सांगताना ते रडत होते. तुम्ही पुस्तक हाताने बाजूला केलंत आणि म्हणालात, “साहेब, हे मले पाठ हाय. दुसरं काही दाखवा.”